आजोबांच्या पत्रातलं ‘कुटुंब’

प्रश्न (थोडक्यात): सातारा जिल्ह्यातलं मूळ गाव, सध्या मुक्काम ठाणे, वय ५२. जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची ४१ पत्रं सापडली. आजोबा मराठा पलटणीत होते, १९४१ ते १९४५ परमुलखात. आधीच्या पत्रांवर ‘एम.ई.एफ.’, शेवटच्यांवर ‘सी.एम.एफ.’ असं लिहिलंय. ३४ पत्रं पणजोबांच्या नावे, फक्त सात आजीच्या नावे. त्या सातांतही बैल, शेतसारा, मनीऑर्डर पोचली का आणि भावकीशी बांधावरून तंटा करू नये, एवढंच. आजी कशी आहे, हे एकदाही विचारलेलं नाही. पणजोबांना मात्र दर पत्रात ‘कुटुंबाची तब्येत कळवणे’. एका पत्रात तर ‘दिवाळीला कुटुंबास माहेरी धाडणे’ असं विचित्र वाक्य आहे. अख्खं कुटुंब कुणाच्या माहेरी जाणार? लढाईबद्दल चकार शब्द नाही. अक्षर तीन तऱ्हेचं, म्हणून ही पत्रं त्यांचीच का, अशी शंका. मे ते ऑक्टोबर १९४२ एकही पत्र नाही. एका पत्रातल्या दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या. आजीचं एकही उत्तर नाही. तिला लिहिता येत नव्हतं. धाकटा भाऊ म्हणतो, लॅमिनेट करून समाजमाध्यमांवर टाकू. ७८ वर्षांच्या आत्या म्हणतात, नवरा-बायकोचं आहे ते, नदीत सोडा. ‘आजोबांना आजीबद्दल काही वाटतच नव्हतं, तर हे जपून करायचं काय?’

उत्तर:

तुम्हाला जे वाक्य सगळ्यात विचित्र वाटलं, तिथूनच सुरुवात करू. ‘दिवाळीला कुटुंबास माहेरी धाडणे.’ यात कुटुंब म्हणजे घरची दहा माणसं नव्हेत. कुटुंब म्हणजे बायको. त्या पिढीतला माणूस चारचौघांत बायकोचा उल्लेख ‘आमचं कुटुंब’ किंवा ‘आमच्या घरातून’ असाच करायचा. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचं नाव घालणं तर आगाऊपणाच ठरला असता. आता ती ३४ पत्रं पुन्हा काढा आणि ‘कुटुंब’ दिसेल तिथे आजीचं नाव ठेवून वाचा. दर पत्रात तब्येत कुणाची विचारलीय? माहेरी कुणाला धाडायला सांगितलंय, आणि तेही सासऱ्यांना?

लगेच सगळीकडे हा अर्थ लावू नका, कारण त्याच काळात तो शब्द आजच्या अर्थानेही चालत होता. ‘कुटुंबातील सर्व मंडळींस नमस्कार’ म्हणजे सगळे. पुढे क्रियापद एकवचनी आहे का, माहेर, बाळंतपण, लुगडं, दुखणं यांतलं काही जवळपास आहे का, हे बघून ठरवा. १० ठिकाणी खात्री पटली आणि चार ठिकाणी नाही, तर त्या चारांपुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

तुमच्या प्रश्नाखाली एक गृहीत आहे: पत्र म्हणजे दोन माणसांमधली खाजगी गोष्ट. तुमच्या-माझ्या पिढीला तसं वाटणं साहजिक आहे, पण या पत्रांचा प्रवास पाहा. शिपायाला लिहिता येत नसेल तर तो पलटणीतल्या कुणा लिहिणाऱ्याला सांगणार. मग सेन्सॉर ते वाचणार. गावात टपालवाला आणणार, आणि आजीला वाचता येत नव्हतं म्हणजे मास्तर, टपालवाला नाहीतर शिकता पोरगा ओसरीवर मोठ्याने वाचणार. ऐकायला सासू-सासरे, दीर, कधी शेजारचेही. नवऱ्याचं नावसुद्धा उखाण्यातच घेणाऱ्या तरुण सुनेला या सगळ्यांसमोर काय लिहिलेलं चाललं असतं? अशा घरात पत्र वडिलांच्या नावेच यायचं. सात पत्रांवर तिचं नाव आहे, ते मला कमी वाटत नाही. ती सात कोणत्या महिन्यांतली आहेत ते आधी बघा. आजारपण, मूल जाणं किंवा माहेरचा मृत्यू, असं काही त्या सुमारास घडलं होतं का, हे आत्यांना विचारण्यासारखं आहे. त्यांचा जन्म लढाईनंतरचा असला तरी आईच्या तोंडून ऐकलेलं असेल.

तीन अक्षरांचा उलगडाही यातच आहे. अक्षर बदललं म्हणजे पत्र खोटं नव्हे, लिहिणारा बदलला. बदली, जखम, रजा, मृत्यू, यांतल्या कशानेही लेखनिक बदलायचा. एक शक्यता मात्र आवर्जून तपासा. पलटणीत शिपायांना साक्षर करण्याचे वर्ग चालत, बहुतेक रोमन लिपीतली उर्दू शिकवत, आणि काही जण त्या निमित्ताने आपली लिपीही गिरवत. शेवटच्या वर्षातलं अक्षर मोठं, ओबडधोबड, ओळ सोडून खाली उतरणारं असेल, तर ते आजोबांचं स्वतःचं असू शकतं. पडताळा घरातच मिळेल: डिस्चार्जच्या कागदावर अंगठा आहे की सही? सही असेल तर तिची वळणं त्या अक्षराशी ताडून पाहा.

अक्षरांपैकी एक मोडी असेल तर अंदाजाने वाचू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे एका ओळीचे दोन अर्थ सहज निघतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात विचारलंत तर मोडी वाचणाऱ्यांची माहिती मिळेल. मूळ पत्र पाठवू नका, फोटो पाठवा. आणि लिप्यंतर ओळीला ओळ मागा, सारांश नको. सारांशात ‘कुटुंब’ हमखास ‘घरचे’ होऊन जातं.

लढाईबद्दल चकार शब्द नाही, याचं पहिलं कारण सेन्सॉर. ठिकाण, पलटणीची हालचाल, जहाज, मेलेले-जखमी, यांतलं काहीही लिहायला बंदी होती. म्हणूनच पत्त्यात गाव नसतं. ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस, इजिप्त-लिबियाकडची फौज. ‘सी.एम.एफ.’ म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, त्या काळात मुख्यतः इटली. इराक-इराणकडच्या फौजेला ‘पायफोर्स’ म्हणत, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीचा कागद असेल तर ‘एस.ई.ए.सी.’ म्हणजे साउथ ईस्ट एशिया कमांड असं दिसतं. तेव्हाच्या ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण ८व्या भारतीय डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३पासून इटलीत होती, तिसरी १०व्या डिव्हिजनबरोबर १९४४मध्ये पोचली. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिसऱ्या पलटणीतून, १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यातल्या लढाईसाठी. नामदेव जाधव यांना पहिल्या पलटणीतून, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. आजोबांची पलटण कळली की या तारखांच्या आसपासची पत्रं काढा. ‘येथे सर्व खुशाल आहे’ हे वाक्य लिहून घेणारा माणूस त्या आठवड्यात कुठे होता, ते दिसेल.

दुसरं कारण, ओसरीवर आईही ऐकत असणार.

लोक विचारतात, यात सांकेतिक काही असेल का? असायचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून लिहिणारे भारतीय शिपाई देशी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणत, आणि काळी मिरी संपत आली म्हणून कळवत. सेन्सॉरलाही ते समजलं होतं, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे. पण या मोहात फार शिरू नका. तुमच्या आजोबांच्या पत्रातला बैल बहुधा बैलच आहे. पावसाच्या तोंडावर बैल बसला तर घर उपाशी राहायचं, आणि त्याची काळजी करणाऱ्या माणसाला घराची काळजी होती इतकं म्हणायला हरकत नाही. त्यापुढे जाऊन दर बैलामागे प्रेम शोधलंत, तर तीही त्यांच्यावर जबरदस्तीच.

मग त्यांचं स्वतःचं असं काय उरतं? ते वेगळं काढायची एक सोपी रीत आहे. पत्रांच्या झेरॉक्स काढा आणि तीन रंगीत पेन्सिली घ्या. ‘शिरसाष्टांग नमस्कार’, ‘येथील क्षेम, तुमचे क्षेम कळवणे’, ‘पत्राचे उत्तर ताबडतोब देणे’ हे सगळं एका रंगात. हा लेखनिकाचा साचा, तो सगळ्यांच्या पत्रात सारखाच. पैसा, शेत, कज्जा दुसऱ्या रंगात. साच्यातही नाही आणि कामाचंही नाही असं जे राहील ते तिसऱ्या रंगात. ४१ पत्रांत कदाचित २०-२५ ओळीच निघतील. आजोबांबद्दल काही ठरवायचं तर त्या ओळींवरून ठरवा. ट्रंकेत मनीऑर्डरची कुपनं असतील तर तीही याच ढिगात घ्या. संदेशाच्या त्या बोटभर जागेत पत्रापेक्षा मोकळं लिहिलेलं कधीकधी सापडतं.

आजीचा आवाजही याच कागदांतून काही अंशी परत मिळवता येतो. तिच्याकडून गेलेली पत्रं आघाडीवर टिकण्याची शक्यता कमीच होती. शिपायाच्या पिशवीत जागा नसे, आणि शत्रूला माहिती मिळेल असा कागद अंगावर ठेवून पुढे जाऊ नये असा दंडक असे. पण आजोबा उत्तर देताना आधी मिळालेलं सांगतात: ‘म्हैस व्याली ते समजले’, ‘धाकटीचे लग्न ठरले ते कळले’. अशी प्रत्येक ओळ वेगळ्या वहीत उतरवा. समोर तीन तारखा लिहा: पत्रातली, पाकिटावरच्या एफ.पी.ओ. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यातली, आणि मागे गावच्या किंवा तालुक्याच्या टपालाचा शिक्का असेल तर तीही. पत्रात तिथी असेल तर पंचांगाने इंग्रजी तारीख काढा, शिक्क्याशी ताडा. पत्र किती दिवसांत पोचायचं हे त्यावरून कळतं आणि घरून काय, कधी कळवलं गेलं याची एक यादी तयार होते. घरची पत्रं लिहून देणारा मास्तर असेल, पण सांगणारी कोण होती ते काही ओळींवरून ओळखू येईल. एफ.पी.ओ.चा नंबर म्हणजे गाव समजू नका. ते टपालघर फौजेबरोबर हलायचं.

आता १९४२ची ती पोकळी. आजोबा विसरले, हे सगळ्यात कमी शक्य कोटीतलं कारण आहे. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडलं आणि मराठ्यांची दुसरी पलटण कैदेत गेली. ते त्या पलटणीत असते तर पुढची पत्रं युद्धकैद्यांच्या छापील फॉर्मवर आली असती. तुमच्याकडे तशी नाहीत, त्यामुळे ते नसावं. वाळवंटात लढणाऱ्या बाकीच्या पलटणींनाही त्या उन्हाळ्यात पत्र लिहायची उसंत कुठली? आणि इकडच्या बाजूला ऑगस्टपासून ‘छोडो भारत’. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते, ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार होऊन माणसं गेली, तारा तुटत होत्या, टपालाचं काम विस्कळीत होतं. पुढच्या वर्षी याच जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. एक भाऊ सरकारच्या फौजेत आणि दुसरा भूमिगतांना भाकरी पोचवतोय, अशी घरं तिथे होती. खोडलेल्या दोन ओळी याच दिवसांतल्या असतील तर विषय गावाकडचाही असू शकतो. त्या ओळी ब्लेडने खरवडू नका, पाण्याने तर मुळीच पुसू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरून मागच्या बाजूने फोटो काढा. पेन्सिल दाबून लिहिलेलं असेल तर उठाव दिसतो. नाही दिसला तर इन्फ्रारेड छायाचित्रणाची सोय असलेल्या एखाद्या जतन प्रयोगशाळेला विचारा.

पोकळीला अजून एक कारण असतं, ते आपल्या घरच्या रीतीतच सापडतं. मृत्यूची बातमी देणारं पत्र कोपरा फाडून यायचं आणि वाचून झालं की फाडून टाकायचे. असलं पत्र घरात ठेवत नसत. गावातला दुसरा एखादा पोरगा त्या महिन्यांत गेला असेल आणि ते आजोबांच्या पत्रातून कळलं असेल, तर ते पत्र ट्रंकेत राहणारच नव्हतं. ट्रंकेत आहे ते सगळं नव्हे, ठेवण्याजोगं वाटलं तेवढंच.

नोकरीची पक्की माहिती हवी असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. फौजेतला नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, पेन्शनचा कागद असेल तर त्याची प्रत आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा. नंबर नसेल तर पाकिटाच्या मागे, प्रेषकाच्या जागी शोधा. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. तिथून भरती, पलटण, पदकं, डिस्चार्ज एवढं कळेल, रोजचा तपशील नाही. तो पलटणीच्या युद्धदैनंदिनीत असतो. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यपूर्वेची दैनंदिनी ‘डब्ल्यू.ओ. १६९’ आणि इटलीची ‘डब्ल्यू.ओ. १७०’ या मालिकांत आहे. पलटण आणि महिना ठरवूनच मागा, नाहीतर खर्च फुकट.

आता भावाच्या लॅमिनेशनबद्दल. कृपा करून त्यांना थांबवा. दुकानातल्या लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं. ते पुढे सोडवता येत नाही, आणि लढाईच्या दिवसांतला लगद्याचा आम्लयुक्त कागद आत पिवळा पडतच राहतो. सेलोटेपही नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी डाग होऊन अक्षरात उतरतो. पत्रांतलं काही जांभळट पेन्सिलीने लिहिलेलं दिसतंय का? ती कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना करडी दिसते, आणि ओल लागली की जांभळा रंग फुटून अक्षर पसरतं. त्या पत्रांना ओला बोळा नको, घामेजला हातही नको.

काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकचा तुकडा सरकवून टोक सरळ करा आणि हळूच बाहेर घ्या. पत्रं तारेला ओवलेली असतील तर मधल्या भोकाभोवती कागद सगळ्यात कमजोर असतो. तारेचं टोक सरळ करून एकेक काढा, आणि क्रम मोडण्याआधी फोटो घ्या. घडी उघडताना कडकड आवाज आला तर तिथेच थांबा, ते पत्र जतनकाराकडे जाऊ द्या. कसर दिसली तर मऊ, कोरड्या ब्रशने झटका. उन्हात वाळत घालायची आपली सवय इथे घातक आहे, एका दुपारीत शाई उडू शकते. प्रत्येक पत्राला त्याच्याच पाकिटासह एक नंबर द्या, मागच्या कोपऱ्यात मऊ २बी पेन्सिलीने. बॉलपेन नको.

फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल कागदाला अगदी समांतर धरून. दोन्ही बाजू, पाकीट, कोरी पानंसुद्धा. स्कॅनर असेल तर पत्राला ३०० डीपीआय पुरे, शिक्के आणि बारीक कुपनांना ६०० घ्या. प्रती दोन घरांत ठेवा. मूळ पत्रं सपाट करून आम्लमुक्त कागदात, नाहीतर पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात. पीव्हीसीचे स्वस्त फोल्डर चिकटतात. यातलं काही मिळेपर्यंत जुन्या दफ्तरखान्यांची रीत वाईट नाही: धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या सुती कापडाचा रुमाल. कपाटाचा मधला खण, बाहेरच्या भिंतीपासून दूर. ट्रंक परत माळ्यावर चढवू नका. पत्र्याला उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात घाम येतो. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका.

जाहीर करण्याबद्दल कायद्याची बाजू भावालाही सांगा. कागदाची मालकी एक आणि मजकुराचा हक्क दुसरा. मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, म्हणून त्याच्या वारसांचा. मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेलं लेखन नंतर प्रसिद्ध झालं, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं तो टिकतो. म्हणजे आत्यांचा विरोध नुसता हळवेपणा नाही, त्या हक्कदार आहेत. सगळ्या वारसांची लेखी संमती होईपर्यंत काही टाकू नये. झाली तरी कुणाच्या कर्जाचे, बांधाच्या तंट्याचे, कुणाच्या सुनेबद्दलचे उल्लेख झाका. त्या माणसांची नातवंडं त्याच गावात राहतात. एखाद्या संस्थेला द्यायचं ठरलं तर आधी फक्त डिजिटल प्रत द्या, आणि कोण पाहू शकेल, कोण छापू शकेल हे लिहून घ्या.

नदीत सोडण्याला माझा विरोध आहे, कारण तो निर्णय परत फिरवता येत नाही. पण आत्यांशी वाद घालून काही निघायचं नाही. त्यांनी ही पत्रं बहुधा कधी ऐकलेलीच नाहीत, आणि ती ऐकण्यासाठीच लिहिलेली होती. फोटोंवरून लिप्यंतर झालं की आजीच्या नावची सात पत्रं घेऊन त्यांच्याकडे जा आणि तारखांच्या क्रमाने, सावकाश, मोठ्याने वाचा. एका बैठकीत दोनच. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचं तर विचारून करा. सुरुवातीला अर्थ सांगू नका, ‘कुटुंब’ शब्दावरही थांबू नका. त्या शब्दाचा अर्थ त्यांना तुमच्या आधीपासून ठाऊक असण्याचा संभव आहे. मग तीन गोष्टी विचारा: गावात पत्रं कोण वाचून दाखवायचं, आजी उत्तर कुणाकडून लिहून घ्यायची, आणि ट्रंकेची किल्ली कुणाकडे असायची.